डॉल्फिनच्या दारावरचे फोड : फायबर बॉडीवरच्या रंगकामाचं एक प्रकरण

गाडी सिपानी डॉल्फिन. आजच्या पोरांना नाव सांगितलं तर ओळख पटत नाही. इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची किटन नावाची छोटी गाडी होती. तिच्यावरूनच बंगळूरच्या सनराइज ऑटोमोटिव्हने, म्हणजे पुढच्या सिपानी ऑटोमोबाइल्सने, १९८२ मध्ये डॉल्फिन बाजारात आणली. ८४८ सीसीचं इंजिन, दोन दारं, खाली लोखंडी चासी आणि वर सगळी बॉडी फायबरग्लासची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचा बाजार बसला. दक्षिणेत रॅलीवाल्यांनी मात्र हलकी गाडी म्हणून ती बरीच पळवली. आता चालू स्थितीतली डॉल्फिन सापडणं मुश्कील, त्यामुळे एखादी हाती आली की ती वाचवावी असं मनापासून वाटतं.

या गाडीचे मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. त्यांनी ती कर्नाटकातून आणली, इंजिनाचं काम करून घेतलं आणि उन्हाळ्यात गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये रंगाला दिली. मूळ फिका रंग काढून गडद निळा मारला. गाडी दृष्ट लागण्यासारखी दिसत होती, असं ते सांगतात. पहिला पाऊस झाला आणि उजव्या दारावर फोड उठले. गॅरेजवाल्याने रंगाचा डबा खराब निघाला म्हणत दार पुन्हा घासून रंगवून दिलं. महिन्याभरात फोड परत आले, तेही आधीपेक्षा दाट. पाऊस सरत आला तेव्हा गाडी आमच्याकडे, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये आली.

साहेबांचा, म्हणजे गाडीच्या मालकांचा, पहिला प्रश्न होता, "कुठल्या कंपनीचा रंग वापरू?" त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यात शेवटी दिलं, कारण रंगाच्या कंपनीचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

काय दिसत होतं

उजव्या दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर मोहरीएवढे फोड, एकमेकांना खेटून. डाव्या दारावर तुरळक. टप आणि बॉनेटवर मोजकेच, पण रुपयाएवढे; ते दुपारी उन्हात टरारून वर यायचे आणि सकाळी जवळजवळ बसलेले असायचे. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर वेगळाच प्रकार, मधल्या आकाराचे चार-पाच कडक फोड आणि भोवतीचा रंग किंचित पिवळट.

रंग खराब होता का, किंवा कंप्रेसरच्या हवेतून पाणी आलं का, हे दोन संशय आधी निकालात काढायला हवे होते. सोय अशी झाली होती की त्याच गॅरेजमध्ये, त्याच दिवशी, त्याच डब्यातला रंग चाकांच्या लोखंडी डिस्कनाही मारला होता. डिस्कवर एकही फोड नव्हता. रंग वाईट असता किंवा गनमधून पाणी उडालं असतं तर तिथेही काहीतरी दिसलं असतं. म्हणजे दोष रंगाच्या खाली होता, बॉडीत किंवा बॉडीवर आधी जे केलं गेलं त्यात.

इथे एक खुलासा करतो, कारण या शब्दावरून गिऱ्हाइकांचा रोज गोंधळ होतो. आजच्या गाड्यांच्या ज्या बंपरला आपण सर्रास फायबर म्हणतो ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं प्लास्टिक असतं. त्यावर रंग धरत नाही ही अडचण असते आणि तो पापुद्र्याने सुटतो. डॉल्फिनचं फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिस्टर रेझिन. साच्याला आतून आधी जेलकोट, म्हणजे नुसत्या रेझिनचा थर, मारायचा, त्यावर मॅट ठेवून रेझिन पाजायचं, खाचांचा रोलर फिरवून हवा काढायची, मग दुसरी मॅट. सगळं हातकाम. बाहेरून दिसतो तो गुळगुळीत जेलकोट. मडगार्डच्या आतून हात घातला तर तंतू बोटाला टोचतात, कारण त्या बाजूला जेलकोट नसतो.

फोड उघडला

फोड घासायच्या आधी फोडून बघायचा, आणि बघायचं ते त्याच्या तळाशी. रंग कोणत्या थरापासून सुटला हे तळ सांगतो. सगळीकडे मशीन फिरवून गाडी गुळगुळीत केली की पुरावा गेला. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या हा पुरावा घालवूनच येतात. ही आली नव्हती म्हणून इतकं सविस्तर लिहिता येतंय.

उजव्या दारावरच्या एका फोडात इंजेक्शनची बारीक सुई घातली. थेंब बाहेर आला. मदतनीस पोरगं वाकून बघत होतं, म्हणालं, "मालक, ह्यात पाणीच हाय की!" तो थेंब काचेच्या पट्टीवर घेतला. साहेबांनी घरून आम्ल ओळखायचा पीएच पेपर आणला होता. पेपरचा रंग जवळजवळ बदललाच नाही. पट्टी उन्हात ठेवली तर थेंब सुकून पांढरं कडं राहिलं. क्षार. ब्लेडने फोडाची टोपी उचलली तर खाली करडी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, दिसली. रंगाखालचा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर, टोपीबरोबर वर आला होता आणि लांबी दाराला घट्ट होती. म्हणजे प्रायमर आणि लांबी यांच्यामध्ये पाणी साचत होतं.

मग आम्ही फोडांच्या कडेने खडूची रेघ ओढत गेलो. दाराच्या मधून तिरकी चढून कडीखाली उतरलेली एक वेडीवाकडी आकृती तयार झाली. तिच्या आत फोडच फोड, बाहेर नितळ रंग. आतल्या बाजूचं पॅनल काढून पाहिल्यावर मागे जुन्या अपघाताचं ठिगळ निघालं, थेट त्याच आकाराचं. कधीकाळी दार फुटलं होतं, मागून मॅट लावून सांधलं होतं आणि पुढून जेलकोट घासून काढून लांबी भरली होती. डाव्या दाराचा जेलकोट शाबूत होता, म्हणून तिथे फोड तुरळक.

साहेबांना एकदम आठवलं, त्या गॅरेजमध्ये बोअरचं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी ते बाटलीभर पाणी घेऊन आले. त्यांच्याकडे पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर होता. आकडा हजाराच्या वर गेला. त्या पाण्याने लांबी घासली होती. वॉटर पेपर, बादली, फडकं, ही आपल्याकडची रोजची रीत. पत्र्यावर ती बऱ्यापैकी खपून जाते, कारण पत्रा पाणी पीत नाही. पॉलिस्टर लांबीत मात्र टाल्कची पूड असते आणि घासलेली लांबी पाणी शोषते. पाणी उडून जातं, क्षार लांबीतच राहतात. त्यावर प्रायमर बसला की ते कायमचे कोंडले जातात.

रंगाचा कुठलाही थर पूर्ण पाणबंद नसतो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के पीयू असो की थिनर उडून सुकणारा एनसी, थोडी वाफ आरपार जातेच. पावसाळ्यात ती वाफ आत गेली आणि तिला क्षार भेटले की तिथे खारट पाण्याचा थेंब बनतो. बाहेरचं पाणी गोडं, आतलं खारट, मध्ये रंगाचा पडदा. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तोच न्याय. पाणी आत ओढलं जात राहतं, दाब वाढतो आणि रंग जिथे सगळ्यात कमी धरलेला असतो तिथून सुटतो. दुसऱ्यांदा दार रंगवताना लांबी पुन्हा त्याच पाण्याने घासली गेली आणि क्षार दुपटीने भरले. फोड आधीपेक्षा दाट आले ते म्हणून.

चाकाच्या कमानीवरचा फोड उघडला आणि वास आला, व्हिनेगरसारखा आंबट. थेंब बोटांत चिकट लागला, पीएच पेपर लाल झाला. इथे तळाला लांबी नव्हती, प्रायमरही नव्हता. टोपीबरोबर जेलकोट उचलला गेला होता आणि खाली उघडी पांढरी मॅट दिसत होती. हा आजार बोटींचा. मालवण-रत्नागिरीकडे फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे. पाणी लॅमिनेटमध्ये, म्हणजे मॅट-रेझिनच्या थरांत, शिरलं की पॉलिस्टरचे आणि मॅटचे तंतू धरून ठेवणाऱ्या बाइंडरचे न जुळलेले अंश हळूहळू विरघळतात. त्यातून आम्ल आणि ग्लायकोल तयार होतं, आणि ग्लायकोल आणखी पाणी ओढतं.

पण पाणी गाडीच्या कमानीत शिरलं कुठून? बाहेरून रंग होता, जेलकोटही होता. खाली झोपून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. आतल्या बाजूला मारलेला काळा संरक्षक थर, अंडरकोट, खरवडून गेला होता आणि मॅटचे तंतू उघडे पडले होते. प्रत्येक पावसात चाकाने उडवलेलं पाणी त्यावर आदळत होतं आणि तंतूंच्या कडेने आत झिरपत होतं. मग ऊन पडलं की बाहेरची निळी बाजू तापायची आणि आतल्या ओलाव्याची वाफ बाहेरच्या थराखाली जाऊन कोंडायची.

माझ्या मते फायबरच्या रंगकामाची सगळी गोष्ट इथे आहे. पत्र्याला मागून ओल येऊन पुढचा रंग उठत नाही. मागून गंजून भोक पडेल तेवढंच. फायबरला मागची बाजू असते आणि ती पिते. डेंटिंग-पेंटिंगवाले फक्त पुढची बाजू बघतात, कारण सगळं शिक्षण पत्र्यावर झालेलं असतं. ज्या गॅरेजने आधी काम केलं त्याचा हात चांगला होता. रंग सपाट, कुठे ओघळ नाही, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा नाही. पत्र्याची रीत फायबरला लावली, एवढंच झालं.

टपावरच्या मोठ्या फोडांचं कारण सोपं. ते कोरडे निघाले. जेलकोट आणि पहिली मॅट यांच्यामध्ये बांधणीच्या वेळची हवा राहिली होती, मुख्यतः वाकणांच्या कडेला, जिथे मॅट साच्याला नीट बसत नाही आणि रोलर पोहोचत नाही. हवा २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेली की तिचा दाब साधारण एक षष्ठांशाने वाढतो. साध्या पॉलिस्टरलाही सत्तरच्या आसपास नरमाई येऊ लागते. फिक्या रंगाखाली ही हवा इतकी वर्षं गप्प होती. गडद निळा मारल्यावर तिला उष्णता मिळाली.

दिवाळीचा प्रश्न

साहेबांना गाडी दिवाळीला दारात हवी होती. त्यांच्या बहिणी भाऊबीजेला येणार होत्या आणि ही गाडी त्यांनी अजून पाहिली नव्हती. अशा वेळी नाही म्हणणं जड जातं. पण ओल्या फायबरवर कितीही भारी एपॉक्सी, म्हणजे पॉलिस्टरहून वेगळ्या जातीच्या रेझिनचा थर, मारला तरी आपण ओल आतच बंद करतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, भाऊबीजेला गाडी दाखवा, पण घासलेली दाखवा. रंग पौष-माघात." ते केमिस्ट होते, त्यांना वाळवणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नाही.

आधी सगळा रंग कोरडा काढला. ऐंशी नंबरच्या पेपरने सुरुवात, जेलकोट दिसू लागल्यावर १८० आणि मग ३२०. पेंट रिमूव्हर लावला नाही. तो पत्र्यावरचा रंग झटकन उचलतो, पण पॉलिस्टर रेझिनही खातो आणि मॅटमध्ये मुरून बसतो. मग वर्षभराने नवेच फोड येतात आणि कुणालाच कारण सापडत नाही. हीट गनही नाही, तिने थर सुटतात. काम वेळखाऊ आहे, मान्य. काचेच्या धुळीने अंग खाजतं, म्हणून पोरांना मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सक्तीचे केले, आणि व्हॅक्यूम लावूनच घासलं.

उजव्या दाराची लांबी पूर्ण खरवडून टाकली. क्षार मुरलेली लांबी धुऊन सुधारत नाही. कमानीवरचे आंबट फोड उघडून, कडा उतरत्या घासून, ती जागा कोमट आरओच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. साहेब दर धुण्यानंतर पेपर लावून बघत. आम्ल आणि ग्लायकोल पाण्यानेच निघतं, थिनरने नाही. ज्या रोगाचं कारण पाणी त्यावर पाणीच ओतायचं, हे बघून पोरांना नवल वाटलं होतं, पण ग्लायकोल आत राहिलं तर ती जागा कधीच धड वाळत नाही.

वाळवण्यासाठी मागची खोली रिकामी केली. हॅलोजन दिवे, पंखा, वर एक झरोका उघडा. पृष्ठभाग ४५ ते ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवून टाकलं. घाईने तापवलं तर आत वाफ होऊन मॅटचे थर सुटतील, ही भीती खरी आहे.

वाळलं हे ओळखायचं कसं? हाताला तर पहिल्या दिवसापासून कोरडंच लागतं. कमानीची कुजकी कड कापून काढली होती. तिचा तळहाताएवढा तुकडा आम्ही गाडीजवळच, त्याच खोलीत ठेवला आणि अधूनमधून गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाकडे नेऊन मिलिग्रॅमच्या काट्यावर तोलला. लॅमिनेट वजनाच्या एक-दोन टक्के पाणी पिऊ शकतं, म्हणजे तुकड्यावर फरक दिसायला सोन्याचा काटाच हवा. आधी वजन भराभर उतरलं, मग सावकाश, मग काटा एकाच जागी राहू लागला. तुकड्याला कापलेल्या कडा असतात, तो बॉडीपेक्षा लवकर वाळतो, म्हणून त्यानंतरही दिवे चालू ठेवले. शेवटी दारावर आणि कमानीवर पारदर्शक प्लास्टिकचे चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवले. रात्रभर ठेवून सकाळी बघितलं, आत दव नाही. तेव्हाच पुढचं काम हातात घेतलं.

बांधणी आणि रंग

टपावरच्या पोकळ्या टिचकीच्या आवाजाने शोधल्या. नाण्याने हलकं ठोकत गेलं की भरीव जागा खणखणते आणि पोकळ जागा बद्द बोलते. जिथे फोड आला नव्हता तिथेही दोन-तीन पोकळ्या मिळाल्या, त्याही उघडल्या. एपॉक्सी रेझिनमध्ये काचेची पूड मिसळून भरल्या. कमान आणि दाराचं ठिगळ एपॉक्सी आणि विणलेल्या काचकापडाने नव्याने बांधलं. इथे मॅट वापरायची नाही: साध्या मॅटचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, एपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठ राहते आणि आत हवा धरते. शिवाय जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी छान धरतं, पण एपॉक्सीवर पुन्हा पॉलिस्टर नीट जमत नाही. त्यामुळे क्रम एकदा ठरला की तोच ठेवायचा.

मग आधी मागची बाजू. चारही कमानी, दारांच्या आतलं अंग, फरशीखालचा उघडा भाग, सगळीकडे दोन हात एपॉक्सी प्रायमर आणि चाकांच्या जागी त्यावर नवा अंडरकोट. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही आणि बिलात ते डोळ्यात येतं. साहेबांना टॉर्च देऊन खाली डोकवायला लावलं, मग त्यांनी बिलाबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढच्या बाजूला एपॉक्सी प्रायमर, अगदी पातळ लांबी, मग रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणारा पीयू सरफेसर. सरफेसरपर्यंत सगळं कोरडं घासलं. शेवटचा हलका हात तेवढा आरओच्या पाण्याने आणि लगेच वाळवून. प्रत्येक दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण वरचा पापुद्रा धरला आणि थिनर खाली अडकला की उन्हात तो टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडून बाहेर येतो. पॅनलमागे ठरलेल्या दराने काम घेतलं की हीच मिनिटं आधी कापली जातात. फायबरचं काम पॅनलच्या दराने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगाचा निर्णय अवघड गेला. साहेबांना निळाच हवा होता. मी भर दुपारी गॅरेजबाहेर उभ्या असलेल्या एका गडद गाडीच्या बॉनेटवर आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर लेझरचा तापमापक धरून दाखवला. आकडे बघून ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "क्रीम करा. मूळचा फिकाच होता ना." आणि तेव्हा मी त्यांना रंगाच्या कंपनीचं नाव सांगितलं, नेहमीचीच, बाजारात सगळीकडे मिळणारी.

पुढचा पावसाळा गाडीने उघड्यावर काढला, मुद्दाम. उजवं दार स्वच्छ राहिलं. टपावर काही नाही. श्रावणात मागच्या डाव्या कमानीच्या खालच्या टोकाला दोन बारीक फोड आले. उघडले तर तळ नव्या एपॉक्सीच्या कडेवर, आमचं कापड जिथे संपतं तिथे, आणि थेंब आंबट. म्हणजे आजारी लॅमिनेट आम्ही कापलं त्याच्या बोटभर पुढेही पसरलेलं होतं. खाली बघितलं तर दाराच्या उंबऱ्यातून कमानीकडे येणारं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलेलं, त्यामुळे पाणी नेमकं तिथेच तुंबत होतं. भोक मोकळं केलं. कमानीची ती कड आता पाऊस थांबल्यावर आणखी मागेपर्यंत कापून, धुऊन, वाळवून पुन्हा बांधायची आहे. तोवर दोन्ही फोड उघडेच ठेवलेत, वरून काहीही लावलेलं नाही. साहेबांकडे निचऱ्याच्या सगळ्या भोकांचा हाताने काढलेला नकाशा दिला आहे. दर वर्षी मे महिन्यात ते स्वतः तार घालून ती साफ करणार आहेत.